कडेचे चौकोन

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत महिनाभर बसलो होतो, पण ती मी धरत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं मेंदूचे फोटो आणि कॉम्प्युटर असलं काही येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा ऐकीव ठोकतोय. नगरला एका दवाखान्यात एक्स-रेच्या डार्करूममध्ये माझी नोकरी झाली. त्यातली तीन वर्षं, दुष्काळाच्या अलीकडची-पलीकडची, माणसांच्या मेंदूतली पोकळी मोजण्यात गेली. डोळे तिथंच अधू झाले. आजही पेपर धरला की अक्षरांच्या कडा हलतात.

त्याआधी मी बाजारात मापाडी होतो. बापही मापाडीच. धान्याची रास पडली की पायलीनं मोजायची आणि मोठ्यानं बोलत जायचं. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बापानं मला दोन गोष्टी शिकवल्या. मोजताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आणि दुसऱ्याला घालायचं माप शिगेनं घालायचं, वर ढीग राहील असं. घरी न्यायचं असेल तर वरून हात फिरवून सपाट घ्यायचं. एवढं पाळलं की गावात मान वर करून चालता येतं. आम्ही चाललो.

पुढं सरकारनं पायल्या बंद करून किलोचे काटे आणले. काट्याला मापाडी कशाला लागतो? मी नगरला आलो, दवाखान्यात आधी स्ट्रेचर ओढलं, मग डार्करूम मिळाली. प्लेटा धुवायच्या, वाळवायच्या, नंबर घालायचे. सगळे मला मामा म्हणायचे. मला ते फारसं आवडत नसे, पण बदललंही नाही.

आमच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या. कमी बोलायच्या, चहा गार करून प्यायच्या. म्हातारपणी काही माणसं विसरायला लागतात, आधी बैल कुठं बांधला ते, मग बायकोचं नाव, त्यावर त्यांचा अभ्यास चालला होता. गावात याला चळ लागला म्हणतात. बाई म्हणायच्या, हा रोग आहे, यात मेंदू झिजतो, आणि झिजला की त्याच्या आतली पाण्याची पोकळी मोठी होते. माणूस किती विसरतो आणि पोकळी किती मोठी, याचा मेळ बसतो का ते त्यांना बघायचं होतं.

तेव्हा आतासारखी यंत्रं नव्हती. माणसाला खुर्चीत बसवून कमरेत सुई घालायची, थोडं पाणी काढायचं आणि तेवढी हवा आत सोडायची. हवा वर चढून मेंदूच्या पोकळीत जाते आणि फोटोत ती जागा काळी येते. पुढं दोन-तीन दिवस त्या माणसाचं डोकं असं दुखायचं की पाणी पोटात टिकायचं नाही. मी त्याच्यापुढं बादली धरायचो, आणि मग आत जाऊन त्याचीच प्लेट धुवायचो.

सुरुवातीला बाई नुसत्या डोळ्यानं ठरवायच्या. पण एकाच प्लेटला सोमवारी त्यांनी मोठी लिहिलं आणि शुक्रवारी मध्यम. स्वतःवरच चिडल्या. मग बारीक चौकोन छापलेला पातळ कागद आणला. प्लेट दिव्याच्या काचेवर ठेवायची, वर कागद, पेन्सिलीनं काळ्याची कड गिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. कंपाउंडरनं दोन दिवस मोजलं आणि दोन दिवसांत चार वेगळे आकडे दिले. मी म्हणालो, "माझ्याकडं द्या."

"मामा, हे शेकड्यानं आहेत."

"बाई, म्या खंडीनं मोजल्यालं हाय."

त्या हसल्या नाहीत. मला एक प्लेट दिली, मी मोजली. नंबर झाकून आठवड्यानं तीच परत दिली, मला न सांगता. आकडा तोच आला. त्या दिवसापासून मोजणी माझ्याकडं. बाईंनी एवढंच बजावलं, "कड ज्या चौकोनांतून जाते ते अर्धेमुर्धे राहतात. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण एकदा ठरवलं की सगळ्यांना तेच." मी हो म्हणालो. काय ठरवलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सांगण्यासारखं मला त्यात काही वाटलंच नाही. दुसऱ्याचं माप होतं. कडेचा चौकोन नखाएवढा काळा असला तरी मी पुरा धरायचो. राजूरकडच्या डोंगरातला म्हातारा असो की कोपरगावच्या साखर कारखान्यातला, सगळ्यांना शिगेनं.

दुष्काळाच्या आधी एक उन्हाळा असेल, वैनी दादाला घेऊन आली. दादा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर मला त्यानंच जेवू घातलं. जामखेडच्या रस्त्याला आत आमचं गाव, तिथं त्याची कोरडवाहू जमीन. वैनी दारातच म्हणाली, "भावजी, ह्यांच्याकडं बघा जरा. बैल जुंपत्यात आन् मला इचारत्यात, आता कुठं जायचं. पायतान पिठाच्या डब्यात घालून ठिवलं परवा."

दादा म्हणाला, "ही लई बोलती."

"माझं नाव इचारा बरं ह्यांला," वैनी म्हणाली.

दादा तिच्याकडं बघून हसला. "बायकूचं नाव घेत न्हाईत," म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. पण त्याला ते येत नव्हतं, हे तिघांनाही कळलं.

बाईंनी त्याला वार विचारला, पाच जिन्नस सांगून थोड्या वेळानं परत विचारले. पाचातला एकही त्याला सांगता आला नाही. मग हवेचा फोटो झाला. दादानं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. प्लेट मीच धुतली. लाल दिव्यात पोकळीचं ते काळं फुलपाखरू हळूहळू उमटलं. रोज बघत होतो, पण त्या दिवशी मी प्लेट पाण्यातून जरा उशिरा काढली.

मोजायला बसलो आणि माझा हात फिरला. कडेचा एकही चौकोन मी धरला नाही. घरचं माप होतं. शिगेनं घातलं असतं तर लोक म्हणाले असते, भाऊ म्हणून जास्त घातलं. मी स्वतःला हेच सांगितलं. आकडा लहान आला तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं आहे. दोन्हीतलं आधी कोणतं, ते आज मला सांगता येत नाही.

बाईंनी आकडा पाहिला, प्लेट पाहिली, परत आकडा पाहिला. म्हणाल्या, "पोकळी तर फार वाढलेली नाही. मग विसरण्याचं कारण दुसरं असेल. रक्तात काही कमी पडत असेल. आठवड्याला एक इंजेक्शन देऊन बघू. लागू पडलं तर माणूस परत येतो."

माणूस परत येतो, हे वाक्य वैनीनं धरून ठेवलं.

मग दुष्काळ आला. डार्करूमला वाहतं पाणी लागतं आणि नळाला तर थेंब नाही. टँकरच्या एका बादलीत मी दहा प्लेटा धुवायचो. त्या पिवळ्या पडायच्या आणि बाई माझ्यावर ओरडायच्या. ओरडण्यातही दम उरला नव्हता कुणाच्या. गावाकडं वैनी सरकारी कामावर खडी फोडायला जायची. आठवड्यातला एक दिवस ते काम बुडवून ती दादाला एस.टी.नं नगरला आणायची. गाडी कधी यायची, कधी नाही. दादा मधल्याच थांब्यावर उतरायचा, ती त्याच्यामागं उतरायची, मग दुसरी गाडी. दवाखान्यात पोचली की भिंतीला टेकून डोळे मिटायची.

"वैनी, काय फरक?" मी विचारायचो.

"काल मला हाक मारली त्यांनी."

"नावानं?"

"न्हाई. पर मारली."

मुकादम तिला टाकून बोलायचा म्हणे, नवरा शहाना करून आनती का दर हप्त्याला. ती ते मला हसत सांगायची. दादा मात्र सुई बघितली की लहान पोरासारखा मागं सरकायचा, आणि धरायला मीच.

असं वर्ष गेलं. मग पुण्याची मुलगी आली. पंचविशीची असेल, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. पुण्यात एका संस्थेत कॉम्प्युटर होता, खोलीएवढा म्हणाली. बाईंच्या प्लेटांची मोजणी त्यावर करता यावी म्हणून ती प्रोग्रॅम लिहीत होती. मी विचारलं, "प्रोग्रॅम म्हंजी काय, ताई?"

"मशीनला सांगायचं, आधी हे कर, मग हे कर. त्याला आपलं डोकं नसतं ना."

"मंग चांगलंच हाय. डोकं असल्याली लई झाली हितं."

तिला हसू आलं. मला मात्र तिचा राग आला होता. पायली गेली तेव्हाही असाच एक जण काटा घेऊन आला होता.

मशीनला प्लेट दिसत नाही. कुणीतरी ओळ धरून सांगावं लागतं: या ओळीत काळं कितव्या घराला सुरू झालं, कितव्याला संपलं, आणि चौकोनाचा किती भाग कड कापते. ती ते लिहून घ्यायची, पुण्याला जाऊन कार्डांना भोकं पाडायची आणि मशीन ती मोजायचं. सांगणारा मी. सगळ्या प्लेटा नव्यानं, ओळीओळीनं. तीन आठवडे आम्ही त्या दिव्यापुढं बसलो. तिचा चष्मा घामानं घसरायचा, माझ्या डोळ्यातून पाणी यायचं. दादाची प्लेटही त्यात होती. तिच्या ओळी मी दिसल्या तशा सांगितल्या. सुरू कुठं, संपलं कुठं आणि कड किती भाग कापते, एवढंच सांगायचं होतं, त्यात हात फिरवायला जागा नव्हती. आणि खरं सांगतो, पहिल्या वेळी मी हात फिरवला होता हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

महिन्यानं ती परत आली ती लांब घडीचा कागद घेऊन. एका रकान्यात माझे आकडे, शेजारी मशीनचे. ती खुशीत होती. म्हणाली, "मामा, तुम्ही मशीनपेक्षा कमी नाही. बघा, प्रत्येक ठिकाणी तुमचा आकडा थोडा जास्त आहे, पण सगळीकडं जवळजवळ सारखाच जास्त. म्हणजे तुमची पद्धत ठाम आहे. कडेच्या चौकोनाचं काय करता तुम्ही?"

"धरायचा. दुसऱ्याचं माप हाय."

"दुसऱ्याचं म्हणजे?"

मी तिला शीग सांगितली. तिला कळायला वेळ लागला, पण तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "आणि घरचं असलं तर?"

"हात फिरवायचा," मी म्हणालो. म्हणालो आणि मला दादाची प्लेट आठवली.

ती कागदावर बोट फिरवत होती. "एकच ठिकाण उलटं आलंय. इथं तुमचा आकडा मशीनपेक्षा कमी आहे, आणि बराच. माझंच एखादं कार्ड चुकलं असणार. जाऊ दे, एका प्लेटनं काही बिघडत नाही. ती मी यादीतून काढून टाकते."

तिनं त्या ओळीवर पेन्सिल ठेवली. मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं. माझी मोजणी ठाम राहिली असती, पुण्याला माझं कौतुक झालं असतं, आणि वैनी पुढच्या हप्त्याला दादाला घेऊन आली असती. त्याच्या पुढच्या हप्त्यालाही.

"थांबा ताई," मी म्हणालो. "खोडू नका."

"का?"

"तुमचं कार्ड चुकल्यालं न्हाई."

मी दादाची प्लेट काढली, दिव्यावर ठेवली आणि तिच्या समोर मोजायला बसलो, कडेचे सगळे चौकोन धरून. पानभर चौकोनांना एरवी मला अर्धा तास पुरायचा. त्या दिवशी दुपार गेली. दोनदा थांबलो, डोळ्याला ओला रुमाल लावला. ती चहा घेऊन आली, तो गार झाला. मोजणी संपली तेव्हा आकडा मशीनच्या थोडा वर होता, बाकी सगळ्यांसारखा. आणि तिथल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा मोठा.

तिनं विचारलं, "हे कोण आहेत, मामा?"

"माझा थोरला भाऊ."

 ती चष्मा काढून पुसत बसली.

बाईंकडं मी एकटाच गेलो. उभ्यानं सांगितलं, बसलो नाही. शीग, हात फिरवणं, सगळं. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी ती प्लेट मला मोठी वाटली होती. पण तुमचा आकडा पाहिला आणि म्हटलं, माझा डोळाच भरवशाचा नाही. वर्षभर टोचलं त्यांना."

"चूक माझी हाय, बाई."

"चूक तुम्हाला न विचारणाऱ्याचीही आहे. आता या इंजेक्शनांचा उपयोग नाही. घरच्यांना सांगायला लागेल."

"मी सांगतो."

"मी पत्र देते."

"वैनीला वाचता येत न्हाई," मी म्हणालो. "मीच सांगतो."

रविवारच्या गाडीनं गेलो. घर बंद होतं, म्हणून खडीच्या कामावर गेलो. वैनी उन्हात बसून फोडत होती, डोक्याला पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दादा बाभळीखाली घोंगडीवर बसला होता. मला बघून वैनी उठली नाही. हातोडी तेवढी खाली ठेवली.

"भावजी? आज कसं?"

मी तिच्यासमोर बसलो. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "वैनी, आता सुईला आनू नका."

"का? संपली व्हय दवा?"

"न्हाई. ती ह्या दुखन्याची न्हवतीच. दादाचं डोकं आतून झिजलंय. फोटोत पहिल्यापासनं हाय ते."

"बाई तर म्हनल्या व्हत्या, फोटो बरा हाय."

"बाईंनी माझं ऐकलं. माझी मोजनी चुकली."

असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होतो. बाजारात, दवाखान्यात, घरात, कुठंच कधी बोललो नव्हतो. वैनीनं ते ऐकलं आणि शेजारणीकडं बघितलं. शेजारीण मान खाली घालून फोडत राहिली.

"म्हंजी आता हे असंच?" तिनं विचारलं.

"ह्याच्याहून कमी व्हत जाईल."

तिनं हातोडी उचलली. चार-पाच दगड फोडले. एक तुकडा उडून माझ्या गुडघ्याला लागला, मी हललो नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला कायबी न्हाई. माझे दिस गेले ते गेले. पर त्यांच्या दंडाला गाठी झाल्यात. त्या बघून जावा तुमी."

मी बाभळीखाली गेलो. दादाच्या बंडीच्या बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या, काही जुन्या, एक लाल. मी आठवड्याला हाच दंड धरत होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. म्हणजे बघितल्या नव्हत्या. पलीकडं बायांनी चहाला तीन दगडांची चूल मांडली होती. तिच्यावर मी वैनीचं फडकं गरम करून आणलं आणि दादाचा दंड शेकायला लागलो.

दादानं मान वळवून माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मागं सरकला नाही.

"कंच्या गावचं तुमी?" त्यानं विचारलं.

"हितलाच हाय," मी म्हणालो.

"आसं व्हय? मंग जेवूनच जावा," दादा म्हणाला, आणि दुसरा दंड त्यानं आपण होऊन पुढं केला.